हिरव्या फांदीची परतपाठवणी

अर्धा रस्ता संपला असेल-नसेल, तोच भाऊजींनी हातातला डबा या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाले, "वहिनी, टेकू या का जरा?"

"आत्ताच तर टेकलो होतो," मी म्हटलं. "असंच टेकत राहिलो तर सिस्टर ड्युटीवर निघून जाईल."

"जाऊ दे की मग. उद्या येऊ."

डब्यात खाऱ्या पाण्याची पिशवी होती आणि पिशवीत हिरव्या प्रवाळाची बोटाएवढी फांदी. बसमध्ये पाणी हिंदकळतं म्हणून चालत निघालो होतो. पण हिंदकळण्याचं नुसतं निमित्त होतं, हे मला फाटकाबाहेर पडतानाच कळलं होतं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लिफ्ट दुरुस्त करतात. कामाला चोख. ब्रेक मनासारखा लागत नाही तोवर 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी काढायची नाही, मग वरच्या मजल्यावरच्या आजीबाई जिन्यात बसून कितीही शिव्या घालोत. घरी मात्र त्यांचा सगळा जीव मासे-प्रवाळांच्या समुद्राच्या टाकीत. जाऊबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "माझ्या माहेरचं कपाट हलवून ह्यांनी तिथे समुद्र बसवला. आता माझे कपडे पलंगाखाली आणि मासे गार हवेत!"

असे टाकीवाले आमच्या भागात बरेच आहेत. सुट्टीच्या दिवशी एकमेकांकडे जायचं, माना वाकड्या करून काचेत बघायचं आणि निघताना वाढलेल्या प्रवाळाची फांदी तोडून द्यायची. एकाच्या टाकीचं बरंवाईट झालं तर दुसऱ्याकडे तिचा अंश राहावा, म्हणून. मीही पुष्कळदा सोबत जाते. मला त्यातलं कळत काहीच नाही. पण त्या निळ्या उजेडात ते इवलेइवले हात हलताना पाहिले, की देवाने हे समुद्राच्या तळाशी, कुणी बघणारसुद्धा नाही अशा जागी, इतकं निगुतीनं का केलं असेल असं मनात येतं आणि हात आपोआप जोडले जातात.

सिस्टर हॉस्पिटलात नर्स आहे. तिची टाकी सगळ्यांत जुनी. हिरवं प्रवाळ आम्हा सगळ्यांकडे तिच्याकडूनच आलेलं. "माझ्या लेकी कशा आहेत?" म्हणून ती फोनवर विचारायची. तिचीच टाकी उन्हाळ्यात ओस पडली. एकेक फांदी पांढरी होत गेली. आता ती टाकीच काढून टाकणार, असं कानावर आलं होतं.

पुलाच्या कठड्याला टेकून भाऊजी खाली बघत म्हणाले, "ते माझ्यामुळे झालंय, वहिनी."

मला वाटलं, यांचं नेहमीचं हळवेपण. पण ते बोलत राहिले. नवी फांदी टाकीत सोडण्याआधी औषधाच्या पाण्यात बुडवून काढायची असते. तिच्यावर प्रवाळ खाणारे किडे असतात, डोळ्याला सहज दिसत नाहीत; औषधात ते सुटून पाण्यात पडतात. भाऊजींनी सिस्टरला जांभळी फांदी नेली, तेव्हा निघायची घाई होती. सिस्टरने दारातच विचारलं, "औषधात बुडवलंय ना?" आणि हे म्हणाले, "हो तर!"

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच. तोंडातून गेलं. चहा झाला, गप्पा झाल्या, तिने माझ्यासमोर फांदी लावली. तेव्हा म्हणायला काय झालं होतं मला? नंतर माझ्याच टाकीत किडे दिसले. तेव्हाही गप्प बसलो. लिफ्टचा ब्रेक न तपासता 'जा खुशाल' म्हणालो असतो का मी कुणाला?"

मी मनात देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, "चला. आता टेकायचं नाही."

चालताचालता ते म्हणाले, "काल तुम्हाला मोरीत का उभं केलं, ते कळलं ना आता?" काल औषधाच्या वाडग्यात हीच हिरवी फांदी बुडवून त्यांनी माझ्या हातात बॅटरी दिली होती. "नीट बघा, वहिनी, काही सुटतंय का." मी वाकूनवाकून पाहिलं होतं. पाणी स्वच्छ होतं.

सिस्टरने हसतच दार उघडलं. "या, लिफ्टवाले! ताई, तुम्हाला चालवत आणलं की काय यांनी? दुसऱ्यांना वर नेतात आणि घरच्यांना पायी!"

खोलीत टाकीचा दिवा तेवढा लागलेला. आत पांढऱ्या काटक्या आणि एकुलता एक पिवळा मासा. डबा पाहून तिचा चेहरा मऊ झाला.

"लेक आली होय माझी! पण ठेवा तुमच्याकडेच. उद्या टाकी न्यायला माणूस येणार आहे. माझ्याच हातून मिठाचं प्रमाण चुकलं बघा कधीतरी. रात्रपाळी करून यायचं आणि पेंगत पाणी बदलायचं, दुसरं काय होणार? माझ्या हाताला आता काही जगत नाही."

"तुमचा हात चांगला आहे, सिस्टर," भाऊजी म्हणाले. "ती जांभळी फांदी मी औषधात बुडवली नव्हती. खोटं बोललो तुमच्याशी. किडे माझ्याकडून आले."

सिस्टर स्टुलावर बसली.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "दारातच विचारलं होतं."

"हो."

"आणि मी मीठ तोलत बसले. वॉर्डात सुई भरताना मात्रा तीनतीनदा तपासायला लागले. वाटायचं, इथे चुकले, तशी तिथेही चुकेन."

भाऊजींनी मान वर केली नाही. मलाही कुठे बघावं कळेना, मी त्या पिवळ्या माशाकडे बघत राहिले.

मग सिस्टर उठली. डब्याचं झाकण काढून तिने पिशवी दिव्यासमोर धरली, या बाजूने बघितली, त्या बाजूने बघितली. "ही बुडवलीय?"

भाऊजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. 'हो' एवढंच म्हणायचं होतं, तेच त्यांना म्हणता येईना. ते माझ्याकडे वळले.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही सांगता का?"