टोपली नसलेलं चित्र

बोर्ली पंचतनच्या बाजारात केसरच्या सुकटीला नाक मुरडून कुणी पुढं गेलं, की टोमणा पाठीत बसलाच म्हणून समजा. तोंडाची फटकळ, पण भारी मानी बाई! अशा बाईची यंदा नारळी पौर्णिमेला भर कोळीवाड्यात थट्टा झाली, आणि तीही पोटच्या लेकीपायी.

लेक भाविका मुंबईला चित्रकला शिकते. सणानिमित्त तिनं कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये आपलं मोठं चित्र लावलं. कमरेइतक्या पाण्यात एक बाई, होडीतून तिच्यावर ओणवा झालेला पुरुष. समुद्र लालभडक, तोंडं हिरवी, हात वल्ह्याएवढे. याला एक्सप्रेशनिस्ट शैली म्हणतात, दिसतं तसं नाही, वाटतं तसं रंगवायचं, असं ती ज्याला त्याला समजावत होती. पण बाईच्या कपाळावरचं गोंदण बघून सगळ्यांनी ओळखलं, ही केसर आणि हा तिचा नवरा सदा.

त्यांच्या किनाऱ्याला होडी लावायला धक्का नाही. होडी उथळात थांबते आणि बायका पाण्यात शिरून मासळीच्या टोपल्या उतरवून घेतात. घरात दीर हाताशी असूनही केसरनं लग्न झाल्यापासून तेच केलं. पण या पोरीनं नेमकी टोपलीच काढली नव्हती! मग काय, उरली नुसती गळामिठी. बायका तोंडाला पदर लावून खिदळल्या. शेजारच्या सोनाबाईनं तर, मासळी उतरवायला जायचीस का आणखी कशाला, असं सगळ्यांदेखत विचारलं.

सदा लाजून अर्धा झाला. टोपली तरी रंगव, नाहीतर चित्र उतरव, असं त्यानं लेकीला बजावलं. टोपली घातली तर चित्रात काही राहणार नाही, म्हणत भाविका डोळे पुसत ते काढायला निघाली.

केसरही आधी चिडलीच होती. पण चित्रापुढं आली आणि तिला वाऱ्यावादळाचे दिवस आठवले. होडी दिसेपर्यंत जीव टांगणीला लागायचा. सदा ओणवा झाला की ती टोपलीआधी त्याचे हात चाचपायची, धड आहेत ना म्हणून. हे ती जन्मात कुणाला बोलली नव्हती. किनाऱ्यावर बसलेल्या एवढ्याशा पोरीनं मात्र सगळं बघून ठेवलं होतं! केसरचा ऊर अभिमानानं भरून आला.

तिनं लेकीचा हात धरला. "ऱ्हाऊ दे तिथंच. ती मीच हाय."

मग ती सोनाबाईकडे वळली. "टोपली उतरवायला माझा दीर व्हता की. मी काय टोपलीसाठी पान्यात शिरायची?"

सदानं मान वर केली आणि तो सगळ्यांच्या देखत बायकोला खेटून उभा राहिला.