धोंड्याचं जेवण आणि दाजींची समाधी

मी मूळचा तळकोकणातला. नववी अर्धवट सोडली आणि ठिबकच्या नळ्या जोडायचं काम शिकत शिकत चोपड्याला येऊन पोचलो. इथं केळीच्या बागा उदंड, त्यामुळे नळ्याही उदंड. आई अजून फोनवर विचारते, "ते महाराष्ट्रातच ना रे?"

राहायला अक्कांच्या घरातली माडीवरची खोली मिळाली. अक्का एकट्या. यजमान वारलेले, एकुलती मुलगी धुळ्याला दिलेली. माझा स्वभाव काळजीचा. कुलूप लावून गल्लीच्या टोकाला गेलो की कुलूप ओढून बघायला परत येतो. पहिल्या दिवशी मला असं जा-ये करताना बघून अक्कांनी हाक मारली, पुढ्यात गरम भाकरी ठेवली आणि म्हणाल्या, "तू कसाले घाबरस रे? अठे कोन शे तुले खावाले?" परक्या मुलखात असं बोलणारं माणूस भेटलं की आपण त्या घराचे होऊन जातो. मी झालो.

आता भुताचं सांगतो. दुपारी दोनच्या सुमाराला माझ्या खोलीत कुणीतरी भिंतीवर टकटक करायचं. मी तेव्हा कुणाच्या तरी शेतात असायचो, त्यामुळे ऐकायच्या त्या अक्का, खालून. त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. पण मुलीशी फोनवर बोलताना, कैरीचं लोणचं आणि शेजारणीचं गुडघ्याचं ऑपरेशन यांच्या मध्ये कुठंतरी त्यांनी ते सांगून टाकलं. मुलीनं नवऱ्याला सांगितलं. आणि नवऱ्यानं नुकताच मोबाईलवर एक कोर्स पुरा केला होता, जाणिवेची अवस्था बदलून भुताखेतांचा तपास कसा करावा याचा.

ते आमचे दाजी. धुळ्यात सरकारी हापिसात कारकून. मऊ बोलणारे, सासूची मनापासून काळजी करणारे. त्यांचं वर्षभर एकच चाललं होतं, "आई, तुम्ही एकट्या राहू नका, घर बंद करून आमच्याकडं या." अक्का नाही म्हणत नव्हत्या आणि जातही नव्हत्या. टकटक ऐकून दाजींनी निकालच लावला. म्हणाले, मी स्वतः तपासतो. वर काही निघालं तर त्याच दिवशी घराला कुलूप आणि आई धुळ्याला. म्हणजे मीही रस्त्यावर. मला दोन दिवस अन्न गोड लागेना.

त्यात अधिक महिना चालू होता. अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण घालावंच लागतं. एका फेरीत दोन्ही कामं होतील म्हणून दाजी रविवारी धुळ्याहून बसनं आले. अक्कांच्या मुलीची परीक्षेची ड्यूटी होती, ती आली नाही. आल्या आल्या दाजींनी मला बाजूला घेतलं.

"तू कोकणातला ना? मग तुला अनुभव असेल."

"नाही हो दाजी. मी तर अंधारात..."

"नम्रपणा नको. तू माझा मदतनीस."

कोकणातला माणूस म्हणजे भुतांसोबतच लहानाचा मोठा झालेला, असं या भागात सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. सांगून उपयोग नसतो.

दाजींनी आम्हा दोघांना पद्धत समजावली. डोळ्यांवर कापूस ठेवायचा. त्यावर लाल उजेड पाडायचा. कानात नुसती खरखर लावायची. डोळ्यांना बघायला काही नाही, कानांना ऐकायला काही नाही, असं झालं की मन जागेपणा आणि झोप यांच्या मधल्या एका जागी जाऊन बसतं आणि तिथं त्याला सूक्ष्म गोष्टी कळतात. मदतनीसानं शांतपणे प्रश्न विचारायचे.

"आणि एक लक्षात ठेव. त्या अवस्थेत मी जावई नसेन. जो बोलेल तो दुसराच कुणी असेल. आई, तुम्हीही लक्षात ठेवा."

अक्कांनी मान हलवली आणि विचारलं, "पन जेवन आधी ना?"

"नाही, नाही. पोट रिकामं लागतं."

अक्कांचा चेहरा पडला. "धोंडाना महिनामा जावई उपाशी झोपी? लोके काय म्हनतीन?"

आता खानदेशात जावयापुढं कुणाचं चालत नाही हे खरं. पण सासूच्या ताटापुढं जावयाचंही चालत नाही. खापरावरचे मांडे, पातेलंभर आमरस, झणझणीत रशी, भजी, कुरडया, शेवटी अनारसे. दाजी म्हणायचे "थोडंच", आणि अक्का म्हणायच्या "आखो एक ल्या ना, जावईबापू". ते उठले तेव्हा भिंतीला धरून उठले. जिना मी मागून ढकलत चढवला.

वर माझ्याच खाटेवर त्यांना आडवं केलं. कापूस मागावा लागला नाही, अक्कांनी गेल्या हंगामातला जपून ठेवला होता, सरकीसकट. लाल उजेडासाठी देव्हाऱ्यातला छोटा बल्ब काढून आणला. मोबाईलवरची खरखर काही लागेना, तेव्हा मी कूलर खाटेजवळ ओढला. आमच्या कूलरपुढं कुठलीच खरखर टिकत नाही. दाजींनी हात छातीवर ठेवले, एक लांब श्वास घेतला, आणि दुसऱ्या श्वासाला घोरायला लागले.

"लागनी समाधी," अक्का कुजबुजल्या.

जिन्याचं दार उघडं आहे ना ते एकदा बघून घेतलं. मी विचारलं, "आपण... आपण कोण आहात?"

घर्रर्र.

"आपल्याला काय पाहिजे?"

दाजींच्या मिशीला आमरस लागला होता. त्यावर एक माशी बसली. त्यांनी ती हातानं उडवली आणि झोपेतच पुटपुटले, "बस... बस... पोटात जागा नाही..."

अक्कांनी माझं मनगट पकडलं. "हाई तं मना मालक!"

"काय सांगता!"

"ते बी असंच म्हनेत. बस, बस म्हनेत नि ताट पुढं करेत." त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाटेजवळ बसल्या. मी प्रश्न विसरलो. आता त्याच बोलत होत्या.

"तुम्ही घर उनात ते बरं व्हयनं. आते अठे जावई नही, म्हनून सांगस. जावई लाखमा एक शे. पन ते माले धुळे नेतो म्हनतस. तठे तिसरा मजला. लिफ्टमा माले चक्कर इस. ओटा नही, बसाले बाई नही, सारी दारे बंद. अठे सारी गल्ली मनी शे. नि हाऊ पोऱ्या संध्याकाळले जिना चढस, तवय माले वाटस घरमा मानूस शे. हाऊ जाई तं मी कोनले भाकर करू? जावईले नही म्हनता येत नही. तुम्हीच सांगा त्यास्ले."

मला रडू येत होतं आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम आल्यानं नुसती उचकी लागली. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की घोरणं थांबलंय.

माशी परत आली होती. मिशीवरून चालत नाकाच्या शेंड्यावर गेली, तिथं पाय चोळत बसली, मग नाकपुडीत डोकावली. दाजी हलले नाहीत. झोपेत असताना उडवत होते, आणि आता ती नाकात शिरत असताना माणूस दगड होऊन पडला होता. गळ्याची घाटी तेवढी वरखाली झाली.

मी अक्कांकडं बघितलं. त्यांना काही कळलं नव्हतं. त्या हात जोडून उत्तराची वाट बघत होत्या.

मग कापसाखालून एक जाड, ओढूनताणून आणलेला आवाज निघाला.

"र्‍हा. तू अठेच र्‍हा."

जावयानं सासूला 'तू' म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. म्हणणाऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, देव्हाऱ्याच्या बल्बमुळे नव्हे.

"नि हाऊ पोऱ्या?" अक्कांनी विचारलं.

"तो बी."

त्यानंतर माशीनं जोर केला आणि भुताला सणसणीत शिंक आली. दाजी उठून बसले. पापणीला सरकी चिकटलेली. "मी कुठं होतो? मला काही आठवत नाही," असं त्यांनी कोर्सात शिकवल्यासारखं म्हटलं.

चहा घेताना दाजींनी अहवाल दिला. वर अस्तित्व आहे, पण शांत आहे. घर बंद करणं त्याला मानवणार नाही. खोलीत माणूस राहता असलेला बरा. अक्का प्रत्येक वाक्याला "हां, जावईबापू" म्हणत होत्या, जणू हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

संध्याकाळी अनारशांचा डबा घेऊन मी दाजींना स्टँडवर सोडायला गेलो. धुळ्याची गाडी लागली होती. त्यांनी खिडकीजवळची जागा धरली आणि बाहेर माझ्याकडं बघत राहिले.

"वर्षभर विचारत होतो मी," ते म्हणाले. "एकदा नाही म्हणायचं होतं त्यांनी."

"जावयाला कोण नाही म्हणतं, दाजी?"

त्यांनी डबा मांडीवर नीट ठेवला.

"खरंय," ते म्हणाले. "दर दोन-तीन महिन्यांनी तपास ठेवत जाऊ मग."