मेजरची बाळंतीण

जनावरांच्या दवाखान्यात कापूस संपतो, स्पिरिट संपतं, किस्से संपत नाहीत. पेशंट बोलत नाही, म्हणून त्याच्या वाटणीचंही मालकच बोलतो. संध्याकाळी शटर ओढताना हाताशी दोन-तीन किस्से उरतातच. माझ्याकडचे निम्मे तर एकाच माणसाचे आहेत.

इंग्लंडात जनावरांची डॉक्टरी शिकून मी परत आले आणि बोरिवलीला पिठाच्या गिरणीशेजारी दोन खोल्यांत दवाखाना टाकला. राहायला कांदिवलीला, शालूआत्याकडे. उपनगरांत तेव्हा घरोघरी रंगीत टीव्ही येत होता आणि टीव्हीच्या पाठोपाठ जातिवंत कुत्रा. मी ठरवून आले होते, की आपल्या माणसांना प्राणी नीट पाळायला शिकवायचं. समाज बदलायचा! आत्या म्हणाली, "बदल, बदल. आधी कुकरची शिटी बदल, कधीची सांगतेय."

जातिवंत पिल्लं यायची ती बहुतेक मेजरकडून. हा कुठल्या सैन्यात मेजर होता, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मिशा मात्र होत्या. गोराईच्या रस्त्याला त्याचं बैठं घर होतं, आणि पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचून अंधेरी-मुलुंडपासून माणसं तिथे जायची.

*

पहिला किस्सा सावंतकाकांचा. काका कापडगिरणीत होते. संपानंतर गिरणी सुटली, आता एका सोसायटीची वॉचमनकी करत होते. मुलाने पहिल्या पगारात घरी 'डॉबरमन' आणायचं ठरवलं, आणि पारखायला वडिलांना बरोबर नेलं. पिल्लू काळं कुळकुळीत, भुवयांवर तांबूस ठिपके. झकास!

रविवारी त्याला आंघोळ घातली. टॉवेल काळा झाला, बादली काळी झाली, आणि पिल्लू करडं झालं.

काका माझ्या टेबलापाशी उभं राहून फार गंभीरपणे म्हणाले, "कच्चा रंग होता, डॉक्टर. गरम पाण्यात सुटला."

"तुम्हाला कसं कळलं?"

उत्तर काकूंनी दिलं. "कळणार नाही? जन्म गेला ह्यांचा गिरणीच्या रंगखात्यात! आणि घरी काय आणलं, तर हे!"

पिल्लू तपासताना मला त्याच्या मागच्या डाव्या पायाला एक जास्तीचं बोट दिसलं. नखासकट, लोंबतं. असतं कधीकधी. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

*

मग आले पाटकर. त्यांच्या टोपलीत 'अल्सेशियन' होतं. दोन महिन्यांचं, असं मेजरने सांगितलेलं.

"स्वभावाने एकदम शांत आहे," पाटकर कौतुकाने म्हणाले. "मेजर म्हणाले, खानदानी आहे, डोळे वर करून बघणारसुद्धा नाही."

मी टोपलीत वाकले. "अहो पाटकर, याचे डोळे अजून उघडलेच नाहीत!"

त्याला आईचं दूध हवं होतं, बाकी काही नाही. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता परत न्या, आईपाशी ठेवा. पाटकर गेले आणि टोपली घेऊन तसेच परत आले. म्हणाले, "बाळंतीण आहे हो. सव्वा महिना ते कोणाला दाखवत नाहीत. नजर लागते."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"बाळंतिणीच्या खोलीत कसं घुसणार? बरं दिसतं का ते?"

पिल्लू ड्रॉपरने दूध पाजून जगलं. त्याच्याही मागच्या डाव्या पायाला जास्तीचं बोट होतं.

मग मी बघायलाच लागले. लॅब्रेडॉर म्हणून आलेलं, डॉबरमन म्हणून आलेलं, काहीच न म्हणता आलेलं: मेजरच्या घरच्या पिल्लांना सगळ्यांना तेच बोट, त्याच पायाला. म्हणजे आई एकच. वेत काढायचं, डोळे उघडायच्या आत पिल्लं विकायची, पुन्हा वेत. त्या घराच्या मागच्या खोलीत एक कुत्री झिजत होती आणि तिला कोणी बघितलंच नव्हतं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. ते दार उघडायला हवं होतं.

पोलीस चौकीत गेले. हवालदार म्हणाला, "चावली का?"

"नाही."

"मग चावली की या."

*

मी तत्त्व ठरवलं. माझ्याकडे विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं: आई दाखवल्याशिवाय पिल्लू घेऊ नका.

पहिले तयार झाले कांबळे सर. शाळेत विज्ञान शिकवायचे, बोलायला खणखणीत. मी त्यांना मेजरच्या बाळंतिणीचं आधीच सांगून ठेवलं होतं. सर म्हणाले, "डॉक्टर, निश्चिंत राहा. नजर, विटाळ असलं काही आमच्या घरात चालत नाही."

दुसऱ्या दिवशी सर आले. काखेत पिल्लू.

"सर!"

"मी स्पष्ट सांगितलं त्यांना, की आम्ही असलं काही मानत नाही."

"मग?"

"मेजरची बायको म्हणाली, तुम्ही मानत नसाल हो, पण ती मानते ना!" सर चष्मा पुसायला लागले. "आता दुसऱ्याच्या श्रद्धेचा प्रश्न आला. काय बोलणार?"

*

या बायकोचा हात मोठा होता. पिल्लू बघायला गेलं, की आधी सतरंजी, मग पाणी, मग पोहे. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. मुलगी बघायला गेल्यासारखी माणसं ओळीने बसायची. पिल्लू ताटात घालून आणलं असतं तरी चाललं असतं. पोहे पोटात गेले, की आईबद्दल विचारायला कोणाची जीभ रेटायची नाही.

म्हणून माझं दुसरं तत्त्व: तिथे काहीही खायचं नाही.

पाटकरांचे मेहुणे फार हुशार. ते जाताना म्हणाले, "मी सांगतो, एकादशी आहे."

परत आले ते पिल्लू घेऊनच.

"अहो, एकादशी सांगितली नाहीत का?"

"सांगितली ना. तिने साबुदाण्याची खिचडी केली."

*

शेवटी मीच गेले. साधी साडी नेसून, गिऱ्हाईक म्हणून. मेजर खुर्चीत, मिशा वर. मागच्या खोलीला कुलूप. आतून एकदाच खरवडल्याचा आवाज आला आणि थांबला.

"आई दाखवा," मी म्हटलं.

"बाळंतीण आहे."

"मग वडील दाखवा."

"वडील लंडनला असतात. तिथल्या लॉर्डच्या घरी. तुम्ही कधी गेलात का त्या बाजूला?"

मला चेव आला. "इंग्लंडात पाच वर्षं होते मी! लंडनलासुद्धा होते!"

मेजरच्या मिशीचा केसही हलला नाही. "मग बघितलं असेल तुम्ही त्याला!"

मी बाहेर आले. पोहेही मिळाले नाहीत.

*

गणपतीत मंडळाने मला व्यासपीठ दिलं. सत्यनारायणानंतर आणि वेशभूषा स्पर्धेच्या आधी, दहा मिनिटं. मी अर्धा तास बोलले. पिल्लू घेताना फसवणूक कशी ओळखायची? आई दाखवत नाहीत, घाई करतात, वय वाढवून सांगतात. जास्तीच्या बोटाचं सांगितलं. बंद खोलीतल्या त्या कुत्रीचं सांगितलं. मेजरचं नाव घेऊन बोलले. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे पुसले.

टाळ्या झाल्या. मला वाटलं, पेटलं! पेटतोय समाज!

खाली उतरले तर चारपाच जण थांबलेले. सगळ्यांचा प्रश्न एकच: "डॉक्टर, त्या मेजरचा पत्ता मिळेल का?"

"अहो, आत्ता मी काय सांगितलं?"

"ते झालंच. पण एवढी माणसं जातात म्हणजे माल असणार ना!"

*

भाषणाचा परिणाम मेजरवर मात्र झाला. त्याने आई दाखवायला सुरुवात केली!

अंधेरीच्या एक जोशीबाई सांगत आल्या. "काय रुबाबदार आई हो! अंगणात बसली होती. मढला शूटिंग चालतात ना, तिथेसुद्धा बोलावतात म्हणे तिला. 'बैस' म्हटलं की बसते, 'बाळ कुठाय' म्हटलं की पिल्लाला चाटते."

मी हरखले. दार उघडलं तर! "तब्येत कशी आहे तिची?"

"उत्तम. फक्त..." जोशीबाई जरा घुटमळल्या. "निघताना तिने मेजरच्या स्कूटरवर तंगडी वर केली."

"बाई! मादी तंगडी वर करत नाही!"

"मीही तेच म्हटलं त्यांना. तर म्हणाले, आजकाल बायका कशात मागे आहेत का?"

शूटिंगचा तो कुत्रा पुढे कुठे दिसला नाही. मेजर पुन्हा बाळंतिणीवर आला. कुलूपही तसंच.

*

हे सगळे किस्से मी रोज स्वयंपाकाच्या वेळी शालूआत्याला सांगायचे. ती मासे साफ करत ऐकायची, हसायची. स्कूटरच्या किश्श्याला मात्र हसली नाही.

"बाळंतीण आहे म्हणतो ना तो?" तिने विचारलं.

"थापा मारतो गं!"

"थापा कशाक? बाळंतीण आसाच ती. मगे बाळंतिणीक बघूक कोण गेला काय?" आत्या रागावली की मालवणीत जायची.

रविवारी सकाळी तिने मऊ भात केला, डब्यात भरला. जुनं नऊवारी लुगडं पिशवीत घातलं. मला म्हणाली, "चल. आणि तोंड उघडशील तर बघ."

मेजरकडे दोन कुटुंबं पुढच्या पिल्लांसाठी नाव नोंदवायला सतरंजीवर बसली होती. हातात पोहे. आत्या डबा घेऊन सरळ आत.

मेजर उठला. "आजी, काय हवंय?"

"बाळंतिणीला बघायला आलेय."

"कोणाला दाखवत नाही हो आम्ही. सव्वा महिना."

"बरोबर करता," आत्या म्हणाली. "पुरुषांनी बघूच नये. तुम्ही बाहेर बसा."

सतरंजीवरच्या एक बाई पटकन म्हणाल्या, "हो हो, बायकांना चालतं की!" दुसऱ्या बाईंनी मान हलवली. मेजरने बायकोकडे बघितलं. ती हातात पोह्यांची बशी घेऊन उभी होती. तिने बशी खाली ठेवली, कमरेची किल्ली काढली आणि मागचं कुलूप उघडलं. नवऱ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

आत ओलं गोणपाट होतं, आणि त्यावर ती. अल्सेशियन. बरगड्या मोजता येतील अशी. पिल्लं विकून झाली होती, दूध अजून गळत होतं. मागच्या डाव्या पायाला जास्तीचं बोट. आत्याने पुढ्यात डबा धरला. कुत्रीने आधी आत्याचा हात हुंगला, मग भात खाल्ला, सगळा. शेपूट एकदाच जमिनीवर आपटलं.

आत्याने तिला लुगड्यात गुंडाळलं आणि उचललं. मी मागचे पाय धरले. आम्ही बाहेर आलो.

"ओ आजी! कुठे नेताय?"

"माहेरी," आत्या म्हणाली. "पहिलं बाळंतपण ना?"

पहिलं? मी तोंड उघडलं. आत्याने माझ्या पायावर पाय दिला.

"अहो, ती विकायची नाहीये!" मेजर ओरडला.

"लेकीला कोण विकत घेतो? बरी झाली की बघू."

"असं कसं नेताय? ऐका..."

"नेऊ द्या की हो!" सतरंजीवरच्या बाई पोह्यांचा घास हातात धरून म्हणाल्या. "एवढी जपता म्हणता, मग बाळंतिणीला माहेरपण नको का?"

गिऱ्हाइकांसमोर मेजर काय बोलणार! रिक्षावाल्याने मात्र विचारलं, "पेशंट आहे का?" आत्या म्हणाली, "लेक आहे. हळू चालव रे."

सव्वा महिना झाला. आणखी एक झाला. एका दुपारी कांदिवलीच्या घराची बेल वाजली. मी आतल्या खोलीत होते, कुत्री माझ्या पायाशी झोपलेली. बरगड्या आता मोजता येत नव्हत्या. आवाज मी लगेच ओळखला.

"आजी, कुत्री न्यायला आलोय."

आत्याने दाराची साखळी काढली नाही. फटीतून म्हणाली,

"बाळंतीण आहे हो. आम्ही कोणाला दाखवत नाही. पोहे खाणार?"