मोटरचा चौथा पाय

ती मिलराइटचं काम शिकायला लागली तेव्हा एकोणचाळिशीची होती. नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि विचारपूस करणारं ना सासरी कुणी, ना माहेरी. कागदाच्या कारखान्यात यंत्रं बसवायची नि चालती ठेवायची, हे शिकायला चार वर्षं लागत. राहायला कारखान्याचीच खोली. बरोबरचे उमेदवार नुकतं मिसरूड फुटलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी तिची 'मावशी' करून टाकली, पण हाकेपुरतीच. डबे उघडायची वेळ झाली की ते सगळे एका बाकावर, आणि ती पंपाच्या खोलीत, देवाचं नाव घेऊन, एकटीच.

शिकवणारे मिस्त्री फटकळ. "मावशी, पाना धरलाय की लाटणं?" ती पकड बदलून पुन्हा नट आवळायला घेई.

शेवटच्या परीक्षेत मोटर आणि पंप यांचे शाफ्ट, म्हणजे फिरते दांडे, एका रेषेत आणायचे होते; फरक किती ते शाफ्टवर लावलेल्या मापकाचा काटा दाखवी. वेळ दोन तास. नापास झालं तर काम जाणार, खोलीही.

पावणेदोन तासांत काटा शून्यावर आला. तरी तिच्या मनात पाल चुकचुकली. मोटर चार पायांवर उभी, चारही नट घट्ट. तिनं एक नट सैल केला, तर काटा टुणकन उडाला. चौथा पाय टेकतच नव्हता. नटानं नुसता दाबून धरला होता. अशी मोटर आज चालते आणि महिन्याभरात बेअरिंग खाते.

"मावशी, झाकली मूठ सव्वा लाखाची," शेजारचा उमेदवार कुजबुजला. "आवळा नि परीक्षकांची सही घ्या."

"आणि बेअरिंग गेल्यावर तू येशील का बदलायला?"

तिनं पायाखाली पातळ पत्रा सरकवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. घंटा झाली तेव्हा काटा शून्यापासून बराच लांब होता. परीक्षकांनी कागदावर 'अपुरे' लिहिलं.

मिस्त्री जवळ आले. आज त्यांचा आवाज खाली होता. "सहा महिन्यांनी पुन्हा बसा. तोवर माझ्या हाताखाली राहा. खोलीचं मी साहेबांशी बोलतो."

"बरं," ती म्हणाली. पाना मात्र तिनं खाली ठेवला नाही.

"आता कुणाला दाखवायचंय, मावशी?"

"कुणाला नाही. अर्धं टाकून जाववत नाही."

मिस्त्री मान हलवून गेले. पास झालेल्यांचा गलबला फाटकाबाहेर विरला. तासाभरानं काटा शून्यावर आला. तिनं एकेक नट सैल करून पाहिला नि पुन्हा आवळला. काटा जागचा हलला नाही. मग बटण दाबलं आणि मोटरवर तळहात ठेवला. जराही थरथर नव्हती. कुणाला तरी सांगावं, म्हणून तिनं आजूबाजूला पाहिलं. कुणीच नव्हतं.

"तू पाहिलंस ना," ती देवाला हळूच म्हणाली, आणि हात पुसायला चिंधी शोधू लागली.