तीन घरांपलीकडचं प्रस्थान

आमच्या बाबांना प्रवासाची भारी हौस. करायची नाही हो, ठरवायची. कचेरीतून आले, हातपाय धुतले, चहा घेतला की रेल्वेचं वेळापत्रक मांडीवर घेऊन बसायचे. महाल वस्तीतल्या आमच्या गल्लीत येणारेजाणारे ओसरीशी थांबून विचारत, "आज कुठवर गेलात?" बाबा गंभीरपणे सांगत, "भुसावळ." तिथं गाडी किती थांबते, पाण्याचा नळ कुठल्या टोकाला, सारं तोंडपाठ. आणि हा माणूस स्वतः वर्ध्याच्या पलीकडे कधी गेलेला नव्हता!

जायचं होतं ते आईला. आई रामटेकची. तिनं गड पाहिला होता, तळं पाहिलं होतं, बहीण खाप्याला दिलेली म्हणून कन्हान नदी पाहिली होती. समुद्र तेवढा पाहिला नव्हता. तिचा भाऊ, म्हणजे माझा मामा, मुंबईला गिरगावात राहायचा. तो दिवाळीला आला की समुद्राच्या गोष्टी सांगे, आणि आई भाकरी थापता थापता थांबून विचारी, "पलीकडचा काठ दिसतच नाही?" मामा म्हणे, "नाही दिसत." "काहीतरीच तुझं," असं म्हणून ती पुन्हा थापायला लागे, पण पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच विचारी.

बाबांनी तिला मुंबई दाखवायचं तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा मोडलं. एकदा अधिक महिना आडवा आला, एकदा मावशीचं बाळंतपण, एकदा बाबांचे साहेब. त्या त्या दिवशीही जेवताना बाबा नेहमीसारखे "आज मीठ जरा कमी झालं" किंवा "आज जरा जास्त झालं" म्हणाले, तर तीही नेहमीसारखी हसली. मीठ बरोबर आहे असं आमच्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. मग त्या वर्षी निरोप आला की मामाची बदली झाली, होळीनंतर तो मुंबई सोडणार. त्या दिवशी आई ताट वाढून तिथंच उभी राहिली. म्हणाली, "आता गेलो तर गेलो. नाही तर मले समुद्र दिसत नाही या जन्मी."

बाबा हादरले. चौथ्यांदा ठरवायला बसले ते मात्र कंबर कसून. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं निघायचं, रात्र झोपून काढायची, मंगळवारी संध्याकाळी परत बसायचं. झोपून काढायची म्हणजे तरी कशी? त्याची त्यांनी घरी तालीम घेतली. ओसरीवर खडूनं गाडीच्या बाकाएवढा पट्टा आखला आणि आम्हा मायलेकींना त्यात निजवलं. "कूस बदला!" असा हुकूम सोडायचे. माझा हात रेघेबाहेर गेला की "पडलीस!" म्हणून ओरडायचे. आई पदर तोंडाशी धरून हसून हसून बेजार व्हायची. शेजारणी दारात उभ्या राहून मजा बघायच्या.

पण खरा घोळ झाला तो दिशेचा. मुंबई पश्चिमेला, आणि शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल. त्या दिवशी तिकडे निघू नये. गुरुजी म्हणाले, "काही हरकत नाही, प्रस्थान ठेवा." म्हणजे आदल्या दिवशी चांगल्या वेळेला पश्चिमेच्या एखाद्या घरी तांदूळ-सुपारीची पुरचुंडी नेऊन ठेवायची. आपण निघालो असं धरायचं आणि दुसऱ्या दिवशी जाताना ती उचलायची. सारं गाव असंच करायचं. पण बाबा सगळ्या गावासारखे असते तर काय हवं होतं! मागं एकदा ते पुरचुंडी ठेवून रामटेकला निघाले होते आणि कामठीशी टांग्याचं चाक निखळलं होतं. तेव्हापासून त्यांचा सुपारीवर विश्वास राहिला नव्हता.

"सुपारी जाणार आहे का मुंबईले?" ते म्हणाले. "आपण जाणार आहोत. तर आपणच प्रस्थान ठेवायचं, सदेह!"

झालं. गुरुवारी दुपारी आम्ही वळकट्या, ट्रंक, संत्र्यांची करंडी असं सगळं घेऊन, घराला कुलूप लावून, देवाला नमस्कार करून निघालो आणि गल्लीतलं तिसरं घर गाठलं. तिथं राहणाऱ्या काका-काकूंनी आमचं असं स्वागत केलं की जणू आम्ही कलकत्त्याहून आलोय. बाबांनी उंबऱ्यात उभं राहून बजावलं, "आता मागं फिरणं नाही. निघालेल्या माणसानं प्रवास पुरा झाल्याशिवाय आपल्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. काय वाटेल ते होवो." हे वाक्य आईनं नीट ऐकून ठेवलं होतं. कुलपाची किल्ली तिच्या कमरेला होती.

काकूंनी तिला चुलीपाशी फिरकू दिलं नाही. "पाहुणी आहेस वं तू," म्हणाल्या. आई पाटावर बसून आयतं जेवली आणि संकोचानं नुसती लाल झाली.

शुक्रवारी दुपारी बाबांच्या कचेरीतला चपराशी आमच्या कुलूपबंद दाराशी हाका मारत असलेला काकूंच्या खिडकीतून दिसला. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते खिडकीखाली लपूनही बसले, पण गल्लीतल्या लोकांनी मोठ्या अगत्यानं त्याला आमचं नवं घर दाखवलं. कायदे कौन्सिलात कुणीतरी सरकारला प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर तयार करायचं होतं आणि जुने कागद कुठं आहेत हे फक्त बाबांना ठाऊक. रजा रद्द. लगेच या.

चपराशी गेल्यावर बाबा करंडीतल्या संत्र्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चला. घरी जाऊ. पुढं कधीतरी बघू."

आई जागची हलली नाही. मला आठवतं, मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि ती मात्र शांतपणे वळकटीचा पट्टा आवळत होती.

"घरी कसं जाता?" ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं ना, मागं फिरणं नाही म्हणून?"

"अवं, पण आता जाणंच नाही, तर..."

"काहून नाही? मी तर निघाली आहे काल. गाडीत जनाना डबा आहे. बोरीबंदरावर दादा येऊन राहिला. पोरगी आहे संगतीले. कुठं काय थांबते ते तुम्ही इतकी वर्षं सांगून राहिले, भुसावळपर्यंत तर मी डोळे मिटून जाईन."

"आणि मी?"

"तुम्हीबी निघालेच आहात. आम्ही परत आलो की तुमचाबी प्रवास पुरा. तोवर राहा इथं. काकू, चालते ना वं?"

काकू हसू दाबत म्हणाल्या, "न चालाले काय झालं?"

नियम बाबांचाच होता, मोडणार कसा? संध्याकाळी कचेरीतून परस्पर स्टेशनवर आले, आम्हाला डब्यात बसवलं आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभं राहून मला सांगत राहिले, "पट्ट्याच्या बाहेर हात काढू नको." आई मात्र गाडी हलल्यावर अख्ख्या बाकावर ऐसपैस पसरली.

समुद्र आम्ही पाहिला. मामानं चौपाटीवर नेलं. आई पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिली आणि पलीकडचा काठ शोधत राहिली. काठ नव्हताच. "खरंच नाही गं," ती मला म्हणाली आणि एकदम रडायला लागली. मामा घाबरला. "रडतेस काहून?" तर म्हणाली, "ते असते तर त्यांनी गाव सांगितलं असतं पलीकडचं." मग तिनं प्रवासाचा फिरकीच्या झाकणाचा तांब्या पाण्यात बुडवून भरला आणि फिरकी घट्ट आवळली.

इकडे बाबांचे जे हाल झाले ते काकूंनी पुढं वर्षभर सर्वांना ऐकवले. त्यांचा कचेरीचा कोट आणि जोडे कुलूपबंद घरात. म्हणून ते पायात मुंबईच्या वाळूसाठी घेतलेले पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात मफलर अशा थाटात कौन्सिलाचं उत्तर लिहायला जात. रोज आपल्याच दारावरून जायचे आणि दाराकडे न बघता जायचे. मंगळवारी रात्री काकांनी विचारलं, "आज कुठवर गेलात?" तर वेळापत्रक उघडून म्हणाले, "त्या दोघी आता कल्याणला असतील." काकूंच्या वरणात मीठ कमी-जास्त झालं तरी बोलायची सोय नव्हती. पाहुणे होते ना!

आम्ही परतलो तेव्हा ते स्टेशनवर उभे होते. दाढी वाढलेली, बूट मळलेले. आईला पाहिल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की त्यांच्याऐवजी मलाच लाज वाटली. पण पहिला प्रश्न काय? "किल्ली?"

"कमरेले आहे," आई म्हणाली. "विसरून नाही गेली. नेली."

बाबांना ते कळायला थोडा वेळ लागला. मग हसले बिचारे, आणि इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, "कसा आहे मग समुद्र?"

आईनं तांब्याची फिरकी काढली आणि तो त्यांच्यापुढे धरला. बाबांनी आत वाकून पाहिलं. बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले. पुन्हा एकदा बुडवलं. हमाल आमचं सामान डोक्यावर घेऊन खोळंबला होता.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले.