सुनेत्राची सब्बल

सुनेत्रा खोब्रागडे कॅनडात, हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. पण आमच्या मंडळात तिची ओळख वेगळीच होती. एटोबिकोच्या हॉलमध्ये जयंतीची मीटिंग चालू असली, तरी चहाच्या वेळी ती हटकून कुणाला तरी धरून माशांवर बोलत असायची. माहेर साकोलीचं, तलावांच्या मुलखातलं. वडील शाळामास्तर. रविवारी ते गळ घेऊन तलावावर जात. भाऊ तासाभरात कंटाळून घरी पळत, ही मात्र अंधार पडेपर्यंत वडिलांच्या शेजारून हलत नसे.

कॅनडात आल्यावर उन्हाळे तिने असेच बंदराच्या धक्क्यावर काढले. हिवाळा मात्र तिला छळायचा. तळी गोठली की तिचा जीव घुसमटायचा. एका हिवाळ्यात हॉस्पिटलातल्या मैत्रिणींनी तिला लेक सिमको नावाच्या गोठलेल्या तळ्यावर नेलं. बर्फावर भाड्याची खोपटी होती, आत हीटर, खाली बर्फात आधीच पाडून ठेवलेलं भोक. मासे मिळाले, पण घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "हर्ष, बसच्या खिडकीतून जत्रा पाहिल्यासारखं झालं बघ. पुढच्या वर्षी आपण आपल्या पायांनी जायचं."

हर्षवर्धन स्टीलच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर. नागपूरचा. पोहता येत नव्हतं. 'पायांनी' हा शब्द ऐकून त्याने कप खाली ठेवला.

"पुढे बर्फ किती जाड आहे हे कळल्याशिवाय मी एक पाऊल टाकणार नाही."

"कळतं ना, बाप्पा! सब्बल मारत मारत जायचं. मारलेली जागा पक्की निघाली की मगच तिथे पाय."

बर्फ फोडायच्या त्या लांब लोखंडी छिन्नीला तिकडचे लोक 'स्पड' म्हणतात. सुनेत्राने पहिल्या दिवसापासून तिला सब्बल म्हटलं, आणि घरात तेच नाव पडलं.

२००९च्या जानेवारीत, एका शनिवारी, तिघं ती घ्यायला गेले. तिसरी त्यांची मुलगी जाई, ग्रेड नाइनमध्ये. दुकानात शिरताच सुनेत्राचा डोळा एका लालचुटुक सब्बलीवर गेला. पोकळ दांडा, दोन तुकड्यांत सुटणारी, फुलासारखी हलकी.

"हीच!" ती म्हणाली.

"थांब," हर्षवर्धनने शेजारची उचलली. अखंड पोलादाची, काळी, कुरूप. धारेला पायऱ्या पाडलेल्या. "दोन्ही मारून बघू."

दुकानदार हसला आणि म्हणाला, खुशाल बघा, फक्त परत आणा. पार्किंग लॉटच्या कोपऱ्यात यंत्राने लोटलेल्या बर्फाचा ढीग होता, गोठून दगड झालेला. सुनेत्राने लाल सब्बल दोन्ही हातांनी हाणली. टण्ण! ती उडून मागे आली, मनगटाला झिणझिण्या. बर्फावर नुसता पांढरा ओरखडा.

मग तिने काळी घेतली. हाणलीसुद्धा नाही, उचलली आणि सोडली. खच्चकन आवाज झाला, आणि नारळाएवढा तुकडा उडून हर्षवर्धनच्या बुटावर पडला.

"अगं आई गं!" सुनेत्रा ओरडली ती आनंदाने. "हर्ष, ही स्वतःच काम करते!"

"वजन काम करतं," तो म्हणाला. आता त्यालाही चेव आला होता. "हे बघ, हलकी सब्बल पातळ बर्फावरूनही उडेल, आणि तुला वाटेल बर्फ भक्कम आहे. खोटं सांगेल ती. जड सब्बलीने दोन-तीन घाव घालूनही पाणी आलं नाही, तरच त्या बर्फावर विश्वास."

पण ती काळी सब्बल सुनेत्राच्या डोक्याच्याही वर जात होती. ती तिला पुढे मारत लॉटला फेरी घालू लागली, आणि अर्ध्यातच दंड भरून आले. आत जाऊन त्याच जातीची आखूड आणली, तर प्रत्येक घावाला कंबरेत वाकावं लागलं. पुन्हा आत. तिसरी तिच्या छातीपर्यंत येत होती. सगळं वजन खाली, धारेकडे. उभ्या उभ्या, हात पुढे करून ती मारता येत होती. सुनेत्रा ठक, पाऊल, ठक, पाऊल करत लॉटभर फिरली. लोक ट्रॉल्या थांबवून पाहू लागले. एका पिकअपवाल्याने हॉर्न वाजवून अंगठा दाखवला. जाई गाडीत सीटवरून खाली घसरली.

"मॉम, प्लीज! पीपल आर स्टेअरिंग!"

"बघू दे!" सुनेत्राच्या गालांवर रक्त चढलं होतं. तिने जाड हातमोजे घातले, सब्बलीच्या वरच्या टोकाची दोरी मनगटात अडकवली आणि सोडवून पाहिली. घाव आरपार गेला तर सब्बल हातातून निसटून तळाशी जाऊ नये, म्हणून ती दोरी. "फायनल! हीच न्यायची."

पुढच्या रविवारी तिघं सकाळीच लेक सिमकोच्या काठावर पोचले. लाइफ जॅकेट, दोर, ढकलगाडी सगळं होतं. सुनेत्रा पुढे, दोन हात अंतर सोडून हर्षवर्धन, मागे जाई. ठक, ठक. बर्फाचा आवाज घट्ट येत होता. पण ओढा जिथे तळ्याला मिळतो त्या बाजूला ती वळली, आणि आवाज बदलला. पोकळ, मऊ. तिने पुढचा घाव घातला. सब्बल सरळ आत गेली, मनगटाची दोरी ताणली आणि भोकातून काळं पाणी वर आलं.

"मागे! आल्या वाटेनेच, सावकाश!"

पाय न उचलता, सरकत सरकत ते मागे आले. हर्षवर्धनचं तोंड पांढरं पडलं होतं. सुनेत्राचे डोळे मात्र चमकत होते. "सांगितलं की नाही तिने? बोलते ती!"

इतक्यात दोन तरुण पंजाबी मुलं ढकलगाडी ओढत नेमकी त्याच दिशेला निघालेली दिसली.

"भैया, उधर मत जाओ! बर्फ कच्चा है!"

"चेक किया, आंटी, पक्का है!" एकाने हातातली सब्बल दाखवली. लालचुटुक, पोकळ दांड्याची. त्याने समोर एक ठोका मारून दाखवला. टण्ण. ओरखडा.

"वहीं खडे रहो!" सुनेत्रा ठोकत ठोकत त्यांच्या मागून आली. पक्क्या जागेवर उभी राहून तिने हात लांब करून त्या ओरखड्यावर काळी सब्बल सोडली. खच्च! पाणी बुडबुडत वर आलं. बर्फ तिथे चार बोटंही जाड नव्हता.

मुलं दोन पावलं मागे सरकली. मग एकजण हळूच म्हणाला, "आंटी, हम आप के पीछे चलेंगे।"

अशी पाच जणांची वरात ठक-ठक करत दुसऱ्या बाजूने लांब वळसा घालून निघाली. घावामागून घाव घालूनही पाणी येईना, तेव्हा सुनेत्राने "इथे!" म्हटलं. ड्रिलने भोक पाडून जाडी मोजली, वीतभर निघाली. गळ सोडले. छोटे छोटे पट्टेदार पर्च येऊ लागले. आणि दुपारी सुनेत्राची काठी अशी वाकली की तिचं टोक पाण्यात गेलं.

"मोठा आहे! हर्ष, खूप मोठा आहे!"

दोरा सुटायचा, ती गुंडाळायची, पुन्हा सुटायचा. शेवटी भोकात लांबुडकं हिरवं डोकं आडवं अडकलं. पाइक, त्या तळ्यातला दांडगा शिकारी मासा. भोक त्याला पुरेना.

"सब्बल घे! कडेचा बर्फ तोड! दोऱ्याला लागू देऊ नको!"

ज्या माणसाला बर्फावर यायचंच नव्हतं, तो गुडघ्यांवर बसून भोकाची कड छाटू लागला. पंजाबी मुलं तुकडे उपसत होती. जाई फोन विसरून उड्या मारत होती, आणि अचानक मराठीत किंचाळली, "आई, सोडू नको! आई, धर!" बर्फाचा मोठा लचका निघाला, पाणी उसळलं, हर्षवर्धनने कल्ल्यांमागे हात घालून ओढलं, आणि जाईच्या कमरेपर्यंत भरेल एवढा पाइक बर्फावर आदळून फडफडू लागला.

सुनेत्रा बर्फावर बसकण मारून हसत होती, डोळे पुसत होती. "आमच्या साकोलीच्या तलावात असा एक असता ना, तर बाबांनी शाळेला सुट्टी दिली असती!"

मुलांनी थर्मॉसमधला चहा ओतला. ऊन कलायला लागलं तशी तिने सामान आवरायला घेतलं, हॅमिल्टन गाठायचं होतं. हर्षवर्धन मात्र भोकाशी पाठमोरा बसून होता. त्याने स्वतःच्या गळाला आमिष लावलं होतं.

"चल ना," ती म्हणाली.

"श्श," तो म्हणाला. "आत्ताच हलला."