पुलासाठी दिलेली वाट

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा. पोलादपूरच्या बाजूला आमच्या गावचा जुना पूल दुरुस्तीला काढला होता. एका अंगानं गाड्या, दुसऱ्या अंगानं काम, त्यामुळे काम सरकत नव्हतं. पावसाच्या आत झालं नाय तर काम काढून घेऊ, असा वरून दम आलेला. पोटठेका माझ्या चुलतभावाचा. हे कळलं त्या दिवशी मी एक भाकर जास्त खाल्ली.

पूल पुरता बंद केला तर काम झपाट्यानं होणार होतं. पण मग गाड्यांना नदीतून मातीची वाट हवी, आणि पलीकडं ती वर चढणार माझ्याच शेतातून. दुसरीकडं सगळा कडा.

याच भावानं पंचवीस वर्षांमागं माझ्या बापाची तिरडी अडवली होती. मसणात जायची वाट त्याच्या शेतातून. भर आषाढात त्यानं काट्या लावल्या, म्हणाला, भात तुडवाल. बापाला आम्ही ओढ्यातून, कमरेएवढ्या पाण्यातून नेला. शाळेतलं मला काय आठवत नाय, हे आठवतं.

तो घरी आला. "दादा, शेत द्या. गावाचं काम हाय."

"गाव त्या दिवशी पण होता रे. तिरडीच्या मागं."

"जुनं कशाला उकरता?"

"मग नवं तू उकरू नको. वाल पेरलेत माझे. तुडवशील."

बायको आतून म्हणाली, "सोडा आता."

"तू सोड," मी म्हटलं. मग त्याला सांगितलं, "गावकी बसव. देवापुढं नारळ ठेव आणि काय केलंस ते बोल. तिथंच वाट देतो."

तिसऱ्या दिवशी देवळात सगळे जमले. त्यानं नारळ ठेवला, पुटपुटला.

"कान गेलेत माझे. मोठ्यानं बोल." कान माझे ठणठणीत होते.

"काकांची तिरडी मी अडवली. चुकलं माझं."

मागं कोण तरी हसलं. मी नारळावर हात ठेवून पूल होईस्तोवर वाट दिली. आमच्यात देवापुढचा शब्द फिरवत नाहीत. त्याची दया आली असं लिहिलं तर खोटं होईल.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी वाटेच्या तोंडाला बांबूचं कवाड घातलं, कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि खुर्ची टाकून बसलो. पहिला डंपर आला. भाऊ खाली उतरला. "दादा, उघडा." मी चहा संपवला, मग उघडलं.